मस्कतचं बिऱ्हाड गुहागरच्या वाडीत आणताना

रत्नागिरी आणि ओमानमधलं सलाला ही दोन गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १७ अंश उत्तर. भाट्याच्या किनाऱ्यावरून नाकासमोर पश्चिमेला होडी हाकत राहिलात तर मध्ये जमीन लागत नाही, थेट ओमानच. दाभोळ-चौलच्या बंदरांत एके काळी तिकडचे घोडे उतरायचे, ते याच पाण्यावरून. आता मात्र मस्कतहून घरची खुर्ची आणायची तर ती आधी सोहारला जाते, कारण मस्कतच्या जुन्या बंदरातली मालवाहतूक २०१४ मध्येच तिकडे हलवली. तिथून उरणच्या न्हावा शेवाला, आणि मग मुंबई-गोवा महामार्गाचे धक्के खात खाली आमच्या गुहागर तालुक्यात. सगळ्यात जास्त मोडतोड या शेवटच्या टप्प्यात होते, त्याबद्दल पुढे लिहीनच.

चौदा वर्षं मस्कतला काढून २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही गाशा गुंडाळला. तेव्हापासून दापोली, खेड, चिपळूणकडच्या ओळखीच्या नि अनोळखी बायकांचे फोन येतात. कोणी मस्कतहून, कोणी दुबई-कुवेतहून. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, तुमचा कार्गोवाला कोण होता?" कार्गोवाला हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, सामानाची यादी झाली का? आणि त्याच्याही आधी, पासपोर्टवरचे दिवस मोजले का?

आधी दिवस मोजा

कायमचं परत येणाऱ्याला वापरलेल्या घरगुती सामानावर कस्टम ड्युटीत सूट मिळते. कायद्यात तिला ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स म्हणतात, आखातात सगळे नुसतं टीआर म्हणतात. आम्ही आलो तेव्हा २०१६ चे बॅगेज रूल्स लागू होते. त्यात दोन वर्षं किंवा जास्त परदेशात राहिलेल्याला ५ लाख रुपयांपर्यंतच्या सामानाला सूट होती, मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष राहिलेल्याला २ लाख, सहा महिने ते वर्षभर राहिलेल्याला १ लाख आणि तीन ते सहा महिने राहिलेल्याला ६० हजार. २०२६ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले आणि रकमा वाढल्या. तेव्हा चुलतदिराने २०१९ साली पाठवलेला तक्ता फोनमधून पुसून टाका आणि कस्टम्सच्या सरकारी संकेतस्थळावरचा आजचा मजकूर उघडून वाचा. ड्युटीचा दर सामानाचं डिक्लरेशन ज्या दिवशी होतं त्या दिवशीचा धरतात, तुम्ही मस्कत सोडलंत त्या दिवशीचा नाही.

रकमेपेक्षा लोक अडकतात ते दिवसांवर. आमच्या वेळच्या नियमात मोठी सूट हवी असेल तर शेवटच्या दोन वर्षांत भारतातल्या सगळ्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांच्या आत बसायला हव्या होत्या, आणि मागच्या तीन वर्षांत ही सूट घेतलेली चालत नव्हती. आता आपल्या माणसांचा हिशेब करा. गणपतीला पंधरा दिवस, शिमग्याला आठ, मे महिन्यात मुलांना घेऊन दीड महिना. त्यात सासूबाईंचं ऑपरेशन निघालं की नवरा आणखी महिनाभर राहतो. आमच्या घरी वहीत तारखा मांडल्यावर बेरीज १६३ दिवस आली. तीन आठवड्यांच्या फरकाने सुटलो. आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाला हे न्हावा शेवाला पोचल्यावर कळलं.

तारखा मोजताना नुसत्या शिक्क्यांवर जाऊ नका. आखाती विमानतळांवर ई-गेटमधून गेलं की पासपोर्टवर शिक्काच पडत नाही. तिकिटं, बोर्डिंग पास किंवा तिकडच्या इमिग्रेशनचा प्रवास-अहवाल काढून ठेवा, आणि तो काढायचा तर रेसिडन्स कार्ड रद्द व्हायच्या आधी. एकदा कार्ड रद्द झालं की तिकडच्या कुठल्याच ॲपमध्ये तुम्हाला शिरता येत नाही.

दुसरं गणित सामान आणि माणूस यांच्यातल्या अंतराचं. आमच्या वेळी सामान माणसाच्या आधी दोन महिन्यांपर्यंत बंदरात उतरलेलं चालत होतं, आणि माणूस आधी आला तर सामान त्याच्या येण्यापासून महिन्याभरात तिकडून रवाना व्हायला लागत होतं. आम्ही सामान आधी रवाना केलं आणि बारा दिवसांनी विमानात बसलो. हाच क्रम बरा. घर रिकामं झाल्यावर शेवटचे दिवस गादी जमिनीवर टाकून काढायचे, पण यादीतलं काही मागे राहिलंय का ते डोळ्यांना दिसतं.

आणखी एक घोळ कायमचा. विमानतळावर सोबतच्या सामानाला जी नेहमीची ड्युटी-फ्री सूट असते ती समुद्रमार्गे वेगळ्या आलेल्या सामानाला लागू होत नाही. जहाजाच्या सामानाला आधार फक्त टीआरचा. दागिने कंटेनरमध्ये घालू नयेत हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत दागिने सोबत आणता येतात. ते अंगावर किंवा हातातल्या पर्समध्ये.

काय आणायचं नाही

कस्टम्सपेक्षा मोठा अधिकारी आपल्याकडे पाऊस आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. मस्कतची हवा उन्हाळ्यात दमट असली तरी तिथलं घर बाराही महिने एसीत असतं. त्या एसीत दहा वर्षं ताठ उभं राहिलेलं एमडीएफचं कपाट आपल्या पडवीत एक श्रावण काढत नाही. खालून पाणी ओढतं, कडा फुगतात, बिजागरीचे स्क्रू गळून पडतात. आमच्या नणंदेने दुबईहून सहा दारांचं पांढरं कपाट आणलं होतं. पहिल्या गौरी-गणपतीला त्याची दोन दारं लागेनात, दुसऱ्या वर्षी तळ सुटला. त्यावर भाडं भरलं, दोन दिवस सुतार लावून जोडून घेतलं, आणि शेवटी त्याच्या फळ्या गोठ्याच्या आडोशाला गेल्या.

तेव्हा भुसा दाबून केलेलं फर्निचर तिकडेच विका. चामड्याचा सोफा नको, जूनमध्ये त्यावर हिरवी बुरशी येते आणि पुसली तरी वास जात नाही. जाड गालिचा नको. मोठी स्प्रिंगची गादी नको, ती जागा खाते आणि भाडं जागेवर ठरतं. सागवानी किंवा दुसरं भरीव लाकूड असेल तर मात्र आणा. आमचा रोझवुडचा जुना पेटारा आजही ओटीवर आहे.

टीव्हीचा मोह आवरा. २०१३ च्या ऑगस्टपासून फ्लॅट टीव्ही सवलतीतून बाहेर आहे. आमच्या वेळी त्यावर अधिभारासकट ३८.५ टक्के ड्युटी होती. म्हणजे जुना ५५ इंची टीव्ही आणून, त्यावर ड्युटी भरून आणि वाटेत पडद्याला तडा जाऊ नये म्हणून गणपती पाण्यात ठेवून, शेवटी चिपळूणच्या दुकानातल्या नव्या टीव्हीइतकाच खर्च.

वीजेवर चालणाऱ्या वस्तूंत एक भेद लक्षात ठेवा. ओमान, यूएई, कुवेतची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचा, आत फ्यूज असलेला. तो कापून इथला १६ अँपिअरचा लावला की काम झालं. सौदीची वीज ६० हर्ट्झची. तिथलं मोटरवर चालणारं यंत्र इकडे मंद फिरतं आणि तापतं. जेद्दाहून कोणी वॉशिंग मशिन आणतो म्हणाला तर मागच्या पट्टीवर ५०/६० असं छापलंय का ते बघायला सांगा. मोठा दोन दारी फ्रिज आणणार असाल तर त्याबरोबर चांगला स्टॅबिलायझरही घ्यायचा. मिरगाचा पहिला वारा सुटला की आपल्याकडे वीज किती वेळा जाते-येते ते काय सांगायला हवं!

गाडीचा विचार सोडून द्या. ती या सवलतीत बसत नाही, आणि तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे.

बंदीच्या वस्तू बहुतेकांना ठाऊक असतात, पण ज्या चार वस्तूंत चुका होतात त्या सांगते. मुलाने वाढदिवसाला घेतलेला ड्रोन. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. वाळवंटात सहलीला न्यायला घेतलेला थुरायाचा सॅटेलाइट फोन. परवानगीशिवाय तो भारतात जवळ बाळगणंच गुन्हा आहे आणि त्यावरून माणसं आत गेली आहेत. ई-सिगारेट, तिच्यावर २०१९ पासून बंदी. आणि खजुराची रोपं! कोकणी माणूस कुठेही गेला की त्याला कलम आणायचं असतं. परमिट आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय जिवंत रोप, बी, माती काहीही घालू नका. लोबान आम्ही डबाभर आणला, त्याला कोणी हरकत घेतली नाही. उलट दिशेने निघालेल्यांसाठी जाता जाता एवढंच, की अनारसे करायला म्हणून बॅगेत खसखस टाकू नका. यूएई, सौदी, कतारमध्ये ती अमली पदार्थात धरतात.

मग आणायचं काय? जाड बुडाची पातेली, बिर्याणीचा मोठा टोप, शिवणयंत्र, नवऱ्याची हत्यारांची पेटी, पुस्तकं, मुलांच्या सायकली, स्टीलचे रॅक, अरबी कॉफीची पितळी किटली म्हणजे दल्ला आणि तिचे छोटे पेले, फिंजान. जे इथे त्या दर्जाचं मिळत नाही किंवा जे पाहिल्यावर ती चौदा वर्षं आठवतात, तेवढंच.

यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. आम्ही आठवडाभर रोज रात्री दोन तास यादीला दिले. नवरा खोके भरायचा, मी लांबट वहीत लिहायची, मुलगी खोक्यांवर मार्करने आकडे घालायची.

पद्धत साधी आहे. प्रत्येक खोक्याला नंबर. नंबर पाचही बाजूंना लिहायचा, नुसता वर लिहिला तर थप्पीत तो दिसत नाही. वहीत त्या नंबरापुढे आतली प्रत्येक वस्तू, नग किती, कोणत्या साली घेतली, वापरलेली की नवी, आणि आजची अंदाजे किंमत. जुनी पावती असेल तर तिचा फोटो काढून त्याच नंबराने ठेवायचा. पावतीवर वस्तूचं वय कळतं आणि वयावर घसारा धरता येतो. पावती नसेल तर किंमत समोरचा अधिकारी ठरवणार. किंमत लिहिताना हात आखडू नका आणि सैलही सोडू नका. आठ वर्षं वापरलेल्या मिक्सरला शंभर रुपये लिहिले की बाकीच्या पानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

"किचन मिस्क.", म्हणजे स्वयंपाकघरातलं किरकोळ, हे दोन शब्द यादीत कुठेही येता कामा नयेत. हे मी ठेच खाऊन सांगतेय.

आमचं १७ नंबरचं खोकं. शेवटच्या रात्री बारा वाजता उरलंसुरलं त्यात कोंबलं आणि मी कंटाळून तेच दोन शब्द लिहिले. उरणजवळच्या कंटेनर यार्डात ३४ खोक्यांची थप्पी लावलेली होती. अधिकाऱ्याने यादी वरून खाली वाचली, बोट १७ वर टेकवलं आणि माथाडी कामगाराला म्हणाला, "हे काढ." कटर फिरला. वर दोन चहाच्या गाळण्या, एक लाटणं, पोळ्यांचा डबा. त्याखाली सीलबंद तीन हँड ब्लेंडर, दुकानाच्या किंमतीचे स्टिकर तसेच. जावांना द्यायला घेतलेले, मी साफ विसरले होते. साहेबाने एक उचलून उलटा-सुलटा केला, स्टिकर वाचला आणि शांतपणे विचारलं, "बाई, एका घरात तीन?" त्या तीन ब्लेंडरची ड्युटी फार नव्हती. पण त्यानंतर खोकी १८ ते ३४ एकेक करून उघडली. दिवस गेला, मध्ये शनिवार-रविवार आला, आणि यार्डाचं जागाभाडं चढत राहिलं. ते भाडं ब्लेंडरच्या किंमतीच्या वर गेलं.

भेटवस्तू द्यायच्याच असतील तर त्या तुमच्याबरोबर विमानाने आणा. कंटेनरमध्ये फक्त वापरलेलं. एकाच वस्तूचे चार नग, सील न फोडलेली खोकी, परफ्यूमचे डझन, हे सगळं विक्रीचा माल दिसतं.

यादीच्या चार प्रती काढा. एक कार्गोवाल्याला, एक बंदरातून सामान सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटला, एक कस्टम्ससाठी, एक तुमच्या हातातल्या पिशवीत. फोनमध्ये असूनही कागदावर हवी. यार्डात उन्हात फोनचा पडदा दिसत नाही आणि अधिकारी तुमच्या फोनवर टिकमार्क करत नाही.

पॅकिंग आणि कार्गो

भाडं वजनावर नाही, घनफळावर ठरतं. मध्यम खोकं ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं धरलं तर ते घनमीटरच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास होतं. आमची ३४ खोकी, पेटारा, दोन सायकली, शिवणयंत्र मिळून साधारण सहा घनमीटर झाले. वीस फुटी कंटेनरात आतली जागा ३३ घनमीटर, पण वेडंवाकडं सामान भरताना पंचवीस-अठ्ठावीसच हाती लागते. म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडाला पूर्ण कंटेनर लागत नाही, सामायिक कंटेनर पुरतो. त्याला एलसीएल म्हणतात. त्यात स्वस्ताई आहे, पण तो भरेपर्यंत तुमचं सामान गोदामात थांबतं, आणि इकडे येऊन कंटेनर रिकामा होईपर्यंत पुन्हा थांबतं. आमचं सामान घरातून उचलल्यापासून न्हावा शेवाला पोचायला २६ दिवस लागले. प्रत्यक्ष समुद्रातला प्रवास त्यातला अगदी थोडा.

कार्गोवाल्याकडून घ्यायचं ते लेखी. आम्हाला मस्कतच्या रुवी भागातल्या एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "भाभी, डोअर टू डोअर, सब मिलाके." इकडे आल्यावर डिलिव्हरी ऑर्डरचे, म्हणजे माल ताब्यात द्यायच्या चिठ्ठीचे, पैसे वेगळे, यार्डातल्या हाताळणीचे वेगळे, एजंटचे वेगळे. "डोअर" म्हणजे त्याच्या लेखी मुंबईतलं दार होतं. तेव्हा पैसे देण्याआधी विचारा, भारतातल्या बंदरावरचे खर्च कोण भरणार, यार्डात फुकट दिवस किती, घरपोच म्हणजे कोणत्या पिनकोडपर्यंत, आणि क्लिअरिंग एजंट कोण, त्याचा इकडचा फोन लागतो का. शेवटचा फोन स्वतः लावून बघा.

लाकडी क्रेट किंवा पॅलेट वापरलं तर त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का हवा. लाकूड तापवून किंवा धुरी देऊन किडीमुक्त केल्याचं ते चिन्ह, बाजूला एचटी किंवा एमबी अशी अक्षरं असतात. शिक्का नसलेल्या फळ्या ठोकून घरी केलेलं क्रेट बंदरात अडतं.

कंटेनरला घाम येतो. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो आणि आतली वाफ छताला लागून थेंब थेंब खाली पडते. म्हणून पुस्तकं-कपडे आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग खोक्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. काचसामान टॉवेल-चादरींत गुंडाळा, बबल रॅपचे पैसे वाचतात. विमा काढताना एक ओळ शोधा. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूट बऱ्याच विम्यांत धरत नाहीत. डिनर सेट जिवापाड असेल तर तेवढं खोकं त्यांच्या माणसाकडून भरून घ्या.

महिना कोणता निवडायचा? जानेवारी ते एप्रिल. मे अखेरीनंतर सामान निघालं तर ते भर पावसात उतरणार आणि ट्रकच्या ताडपत्रीला कुठेतरी भोक असणारच. गणपतीच्या दिवसांत तर नकोच. त्या काळात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घालतात, आणि छोटा टेम्पोवाला तेव्हा चाकरमान्यांचं सामान सोडून तुमच्यासाठी येणार नाही.

न्हावा शेवाला

जहाज लागलं की एजंटचा फोन येतो. कागद तयार ठेवा: मूळ पासपोर्ट आणि सगळ्या शिक्क्यांच्या पानांच्या प्रती, रद्द झालेलं रेसिडन्स कार्ड किंवा व्हिसा, बोर्डिंग पास, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), सामानाची यादी, पावत्या, इकडच्या पत्त्याचा पुरावा. बिल ऑफ लेडिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळायला हवं. तिकडे अरबीतून इंग्रजी करताना बापाचं नाव आडनाव होऊन बसतं. ती दुरुस्ती जहाज सुटायच्या आधी सोपी, नंतर पैशाची.

बिलाच्या बदल्यात डिलिव्हरी ऑर्डर मिळते, बॅगेज डिक्लरेशन भरलं जातं, मग यार्डात तपासणी, ड्युटी लागली तर ती भरायची, आणि शेवटी गेट पास. कागदावर एवढंच आहे. एजंट म्हणतो, "तुम्ही कशाला येता, मी करतो." जा. ज्याच्या नावावर सामान आहे त्याने जायचंच, आणि यादी जिने केली तिनेही. आमच्याकडे १७ नंबरनंतर साहेब प्रश्न नवऱ्याला विचारत होते आणि उत्तरं मी देत होते. "हे मशिन कधीचं?" "दोन हजार चौदा, धाकट्याच्या बारशाच्या आदल्या महिन्यात." त्यावर ते हसले आणि पुढची चार खोकी नुसती सुरी घालून वरवर पाहिली.

सोबत चिकटपट्टीचे मोठे रोल चार, मार्कर, कात्री, पाण्याच्या बाटल्या, टोपी. उघडलेली खोकी परत कोणी तुमच्याइतकी नीट बांधत नाही. तपासणी सकाळी लावून घ्या आणि सोमवार-मंगळवारी. शुक्रवारी दुपारी उघडलेलं सामान सोमवारपर्यंत भाडं खातं. रोख पैसे जवळ ठेवा पण प्रत्येक पैशाची पावती मागा. "साहेबांना द्यायचे" म्हणून एजंटने वरचे काही मागितले तर सरळ सांगा, बिलात लिहा मग देते. आमच्या एजंटने ते पुन्हा काढलं नाही.

ड्युटी भरल्याची पावती, डिक्लरेशनची प्रत आणि गेट पास एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. वाटेत कोणी ट्रक थांबवून विचारलं तर तेच दाखवायचं.

पळस्प्यापासून पाखाडीपर्यंत

इथून पुढे परदेश संपला आणि कोकण सुरू झालं, म्हणून लोक निर्धास्त होतात. आमची फुटलेली एकूण एक वस्तू पळस्पे ते चिपळूण या पट्ट्यात फुटली.

ट्रक चिपळूण-गुहागरकडचा करा. उरणचा ड्रायव्हर वाडीच्या फाट्यावर येऊन "इधर तक ही बात हुई थी" म्हणतो. आपल्याकडचा माणूस परतीच्या फेरीला रिकामा येत असतो, भाडंही कमी घेतो, आणि पेण, माणगाव, महाड, कशेडी कुठल्या वेळी ओलांडायचं ते त्याला ठाऊक असतं. जड खोकी खाली आणि पुढच्या बाजूला, काच मागच्या चाकांवर कधीही नाही. रिकामी जागा गाद्या-उशांनी भरा. आमच्या ड्रायव्हरने भाताच्या पेंढ्याचे चार भारे आणले होते. त्या पेंढ्यात बसून आलेला काचेचा जार आजही लोणच्याला वापरतो.

घर तयार नसेल आणि सामान काही महिने ठेवायचं असेल तर जागा वरच्या मजल्याची घ्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्याच्या गोदामांतलं काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. खाली ठेवणं भागच असेल तर चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर रचा, भिंतीपासून वीतभर सोडून. वाळवी भिंतीतून येते.

आता शेवटचा पाव किलोमीटर. आमच्या वाडीत गाडी जात नाही. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी आहे, बहात्तर पायऱ्या, मध्ये दोन वळणं. मस्कतला मी पेटाऱ्याची लांबी-रुंदी मोजून घनफळ काढलं होतं, पण आमच्या माजघराचं दार मोजलं नव्हतं. पेटारा चौघांनी बांबूला दोराने बांधून पालखीसारखा वर आणला. खालच्या अंगाला उंच माणसं, वरच्या अंगाला बुटकी, म्हणजे तोल राहतो. वळणावर थोरले दीर ओरडून सांगत होते, "डावीकडं घ्या, डावीकडं, फणस लागंल!" ओटीवर टेकवला, आणि मग कळलं की दार दोन बोटं अरुंद आहे. पाय काढले, आडवा केला, दाराची फळी काढली, तरी नाही. शेवटी तो ओटीवरच राहिला.

तेव्हा निघण्याआधी घरच्यांना टेप घेऊन दार मोजायला सांगा, वळणाचा जिना असेल तर त्याचं वळणही. चार गडी आदल्या दिवशी सांगून ठेवा. मे महिन्यात कलमांच्या बागेतून माणूस सुटत नाही. मजुरी आधी ठरवा आणि वर चहा-पोहे तुमचे. खोकी नंबरांप्रमाणे ज्या त्या खोलीत जाऊ द्या आणि वही हातात घेऊन दारात बसा. एकेक नंबर खोडत जायचं. आमचं २३ नंबर सापडेना. सगळी शोधाशोध झाली, ट्रकवाल्याला फोन झाला, तोवर शेजारचा पोरगा खाली जाऊन बघून आला. पाखाडीच्या पहिल्या वळणावर कोणीतरी दम खायला टेकवून ठेवलं होतं आणि त्यावर एक कोंबडी बसली होती.

खोकी त्याच आठवड्यात उघडा. विम्याचा दावा करायला मुदत थोडी असते आणि फुटलेल्या वस्तूचा फोटो खोक्यातच असताना काढावा लागतो. फोल्डर मात्र टाकू नका. पुन्हा कधी बाहेर जाऊन परत यायची वेळ आली तर ही सूट आधी कधी घेतली ते त्यातल्या तारखेवरून दाखवावं लागेल. आमचं फोल्डर त्याच पेटाऱ्यात आहे, वर बसायला चटई टाकलीय.